पाठीखालची थंडी

दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याची बातमी छायाचित्रासह छापून येते. मोटारींच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो आणि मथळा असतो ‘पारा शून्यावर’. त्याच पहाटे गावातल्या हवामान केंद्राच्या तापमापीवरचा आकडा मात्र बहुधा शून्याच्या कितीतरी वर असतो. यावर दोन तट पडतात. कोणी बातमी खोटी ठरवतो, तर कोणी तापमापी. वस्तुतः दोन्ही खऱ्या असतात, कारण टपाचे तापमान आणि टपावरच्या हवेचे तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झाडाला झोळी बांधून उघड्यावर झोपणाऱ्या माणसाला हा फरक पुस्तकात वाचावा लागत नाही, तो त्याच्या अंगावर येतो. मी गेली तीन वर्षे स्वतः शिवलेल्या झोळीत, म्हणजे ज्याला दुकानात हॅमॉक म्हणतात त्यात, तिन्ही ऋतूंत झोपतो आहे. ती उबदार करताना जे भौतिकशास्त्र नव्याने समजले, त्याबद्दल हा लेख आहे.

झोळी शिवणे हे काही मोठे काम नाही. साडेतीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद रिपस्टॉप (चौकटीच्या विणीचे, फाटत न जाणारे) नायलॉन घ्यावे, लांब कडा दुमडून टीप मारावी, दोन्ही टोकांना रुंद नेफा करून त्यातून दोरी ओवावी आणि कापडाच्या चुण्या घट्ट आवळाव्यात. झाडाची साल सोलली जाऊ नये म्हणून खोडाभोवती दोरीऐवजी रुंद पट्टा घ्यावा. पट्टा क्षितिजाशी सुमारे ३० अंशांचा कोन करील इतकी झोळी सैल असावी. या कोनात प्रत्येक पट्ट्यावर जवळपास आपल्या वजनाइतकाच ताण येतो, मात्र ती खाटेसारखी सपाट करण्याच्या हट्टापायी कोन १० अंशांवर आणला तर हाच ताण वजनाच्या जवळपास तिप्पट होतो. झोळीत लांबीच्या रेषेत न झोपता किंचित तिरपे झोपावे, म्हणजे पाठ केळ्यासारखी वाकत नाही. सह्याद्रीतल्या उताराच्या, दगडगोट्यांच्या आणि पावसाळ्यात जळवांनी भरलेल्या जमिनीवर तंबूला सपाट जागा शोधण्यापेक्षा दोन झाडे शोधणे पुष्कळ सोपे जाते.

अडचण पुढे येते. माझी पहिली थंडीतली रात्र भंडारदऱ्याच्या परिसरात गेली. तापमापी ११ अंश दाखवत होती आणि माझ्याजवळ ५ अंशांपर्यंत चालेल अशी नोंद असलेली स्लीपिंग बॅग होती. मध्यरात्रीनंतर छातीवर घाम आणि पाठीत हुडहुडी अशा विचित्र अवस्थेत मी जागा झालो. गरम हवा वर जाते हे आपण शाळेत शिकलेले असतो, त्यामुळे थंडी वरून वाजायला हवी, खालून कशी वाजते, असा प्रश्न त्या अर्धवट झोपेतही पडला. या प्रश्नातच एक सार्वत्रिक गैरसमज दडलेला आहे. वर जाते ती गरम हवा. उष्णता मात्र जिकडे थंड असेल तिकडे जाते, मग ती दिशा खालची का असेना.

उबदार कपड्याचे काम नेमके कोण करते, हे समजण्यासाठी पिंजारी आठवावा. थंडीच्या तोंडावर तो दारोदार येई आणि दडपून पापडासारखी झालेली गादी उसवून तिच्यातला कापूस धनुकलीवर पिंजत असे. त्याच वजनाच्या कापसाची गादी संध्याकाळी दुप्पट फुगलेली दिसे. त्याने गादीत भर घातली ती हवेची. स्थिर हवेची उष्णतावाहकता दर मीटर दर अंशाला साधारण ०.०२५ वॅट एवढीच आहे, तर पाण्याची तिच्या सुमारे चोवीसपट आहे. कापूस, लोकर, पॉलिएस्टर हे तंतू स्वतः हवेपेक्षा कितीतरी अधिक वाहक असतात. त्यांचे काम हवेला जागच्या जागी कोंडून धरण्याचे आहे. मी वापरलेल्या पॉलिएस्टरच्या वॅडिंगचे, म्हणजे दुलईत भरायच्या कृत्रिम कापसाच्या थराचे, वजन चौरस मीटरला २०० ग्रॅम आहे. त्याचे दोन थर एकावर एक ठेवले की फुटपट्टीवर सुमारे ४ सेंटिमीटर जाडी भरते. पॉलिएस्टरची घनता लक्षात घेऊन हिशेब केला, तर या जाडीचा ९९ टक्क्यांहून अधिक भाग हवाच आहे, असे दिसते. आपण दुकानात जाऊन खरे तर हवेचा पिंजरा विकत घेतो.

आता झोळीत झोपलेल्या माणसाची पाठ पाहू. स्लीपिंग बॅगची वरची बाजू फुगलेली राहते, पण खालची बाजू शरीराच्या वजनाने दडपून जेमतेम ३ मिलिमीटर उरते. हवा निघून गेली की मागे राहतात ते नुसते तंतू. जमिनीवर हे खपून जाते, कारण तिथे बॅगेखाली चटई असते आणि बॅगेवरची तापमानाची नोंदही चटई गृहीत धरूनच केलेली असते. झोळीखाली चटई नाही, जमीन नाही, वाहता वारा मात्र आहे. पाठ, मांड्या आणि पोटऱ्या मिळून अर्धा चौरस मीटर पृष्ठभाग खाली टेकलेला आहे, त्वचा ३३ अंशांवर आहे आणि हवा ११ अंशांवर, असे धरू. हलक्या वाऱ्यात कापडाला चिकटलेल्या हवेच्या पातळ थराचा औष्णिक रोध (उष्णतेला होणारा अडथळा) सुमारे ०.१ चौरस मीटर-अंश प्रति वॅट एवढाच असतो. त्यामुळे नुसत्या नायलॉनमधून सुमारे ११० वॅट उष्णता जाईल. दडपलेली बॅग जमेस धरली तर ६३ वॅट जातील. झोपलेल्या माणसाचे शरीर एकूण ७५ वॅटच्या आसपासच उष्णता निर्माण करते. म्हणजे जवळजवळ सगळी कमाई पाठीतूनच खर्च होते. (प्रत्यक्षात त्वचा थंड होत जाते आणि हा आकडा घटतो, पण त्वचा थंड होणे म्हणजेच तर थंडी वाजणे.) याउलट तेच ४ सेंटिमीटर वॅडिंग न दडपता पाठीखाली राहिले, तर खर्च १० वॅटवर येतो.

उपाय या आकड्यातच आहे. दुलई झोळीच्या आत अंथरायची नाही, ती झोळीच्या बाहेर, खालून टांगायची, म्हणजे आपले वजन तिच्यावर येतच नाही. झोळीत झोळी म्हणा हवे तर.

इथे गरम हवेचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो, आणि मला या विषयात सर्वाधिक आवडणारा भाग हाच आहे. हवेचा आडवा थर खालून तापवला तर तो केव्हा उसळू लागतो, हे रेले अंकावरून ठरते. तापमानातील फरक आणि जाडीचा घन यांमुळे उसळी वाढते, तर हवेची श्यानता (चिकटपणा) आणि उष्णतेचे विसरण (पसरून जाणे) तिला मागे खेचतात. या ओढाताणीचे गुणोत्तर म्हणजे हा अंक होय. दोन आडव्या पृष्ठभागांमध्ये कोंडलेल्या थरासाठी तो १७०८ च्या पुढे गेला की अभिसरण सुरू होते. २० अंशांच्या फरकाला ही मर्यादा जेमतेम ९ मिलिमीटर जाडीतच ओलांडली जाते. म्हणून अंगावरच्या पांघरुणात मोकळी पोकळी उपयोगाची नसते. शरीर खाली आणि थंडी वर असल्याने हवा त्या पोकळीत फिरू लागते, आणि तिला थोपवायला तंतूंचे जाळे लागतेच. पाठीखाली मात्र परिस्थिती उलटी असते. गरम पृष्ठभाग वर असतो, थंड खाली, गरम आणि हलकी हवा आधीच वर बसलेली असते, त्यामुळे कितीही जाड थर असला तरी तिला आपणहून उसळण्याचे कारण नसते. निसर्गाने खालच्या बाजूला ही सवलतच दिली आहे. ती सवलत हिरावून घेतो तो वारा, आणि झोळीचे डोलणे.

त्यामुळे खालच्या दुलईच्या शिवणकामात खरी कसोटी कडांची लागते. दुलईच्या दोन्ही टोकांना नेफा शिवून त्यात नाडी घालावी आणि झोपताना ती परकराच्या नाडीसारखी ओढून फट बंद करावी. दुलई टांगण्यासाठी इलॅस्टिकची दोरी वापरली म्हणजे ती पाठीला अलगद चिकटून राहते. तळहात आत घालून पाहावा, मोकळी पोकळी लागता कामा नये, आणि बोटाने दाबलेले वॅडिंग लगेच वर यायला हवे. फार ताणली तर पुन्हा दडपणारच. आतले वॅडिंग सरकू नये म्हणून मी पहिल्यांदा गोधडीसारखा दाट धावदोरा घातला आणि फसलो. टाक्याच्या रेषेवर जाडी शून्य होते. दहा टक्के क्षेत्र असे दडपले गेले, तर वरच्या हिशेबातले १० वॅट २० होतात, कारण त्या दहाव्या भागातूनच ११ वॅट निघून जातात. गोधडी जमिनीवर चांगली, कारण तिच्याकडून दडपले जाण्याचीच अपेक्षा असते. दुसऱ्या खेपेला वॅडिंग फक्त कडांना आणि मध्ये दोन ठिकाणी एकाच अस्तराला टाचले.

या दुलईऐवजी चकचकीत ‘स्पेस ब्लँकेट’ घ्या, ते शरीराची ९० टक्के उष्णता परत पाठवते, अशी जाहिरात सर्रास दिसते. परत पाठवले जाते ते प्रारण, म्हणजे किरणांच्या रूपाने जाणारी उष्णता, आणि तेही समोर हवेची पोकळी असेल तरच. पाठीला चिकटलेल्या त्या पातळ ब्लँकेटमधून वहनाने उष्णता सुखाने जाते. शिवाय आपल्या त्वचेतून दिवसाकाठी ३०० ते ४०० मिलिलिटर पाणी नकळत बाहेर पडते. ही वाफ त्या अभेद्य ब्लँकेटवर थंड होऊन पाणी बनते, आणि पाण्याची वाहकता वर दिली आहेच. याच कारणासाठी दुलईचे बाहेरचे कापड वारा अडवणारे, पण वाफ जाऊ देणारे असावे. प्लॅस्टिकचा कागद शिवू नये.

राहिले वेण्णाचे दव. निरभ्र, कोरड्या रात्री उघडा पृष्ठभाग आकाशाकडे प्रारणाने उष्णता फेकतो, आणि आकाशाकडून त्याला फार कमी परत मिळते. हा निव्वळ तोटा चौरस मीटरला ६० ते १०० वॅट इतका असू शकतो, म्हणून मोटारीचा टप भोवतीच्या हवेपेक्षा कित्येक अंशांनी थंड होतो. त्यातच जड, थंड हवा ओघळून तलावाच्या खोलगट भागात साचते. झोळीवर ताडपत्री किंवा दाट पर्णसंभार असेल, तर वर दिसतो तो जवळपास हवेच्याच तापमानाचा पृष्ठभाग, आणि हा तोटा बराच थांबतो. झाडाखाली गाडी लावणाऱ्याच्या काचेवर दव कमी पडते, ते याचमुळे.

झाडाखाली झोपण्याचा विषय निघाला की पिंपळावरचा मुंजा आठवणारी माणसे आता कमी झाली. त्यांची जागा रात्री झाड विषारी कार्बन डायऑक्साइड सोडते, असे सांगणाऱ्यांनी घेतली आहे. गंमत म्हणजे त्याच पिंपळाबद्दल तो चोवीस तास ऑक्सिजन देतो, असा दुसरा संदेशही फिरत असतो. झाडाचा ऑक्सिजन येतो तो पाण्याच्या विघटनातून, आणि प्रकाशाशिवाय ते होत नाही, म्हणून रात्री ऑक्सिजन देणारा पिंपळ नाही. आणि बंद खोलीत चार माणसे एकमेकांच्या उच्छ्वासात रात्रभर झोपून सकाळी चहा पितात, तर उघड्यावर वाहत्या हवेत झाडाच्या श्वसनाला भिण्याचे कारण नाही. भ्यायचे असेल तर वाळक्या फांदीला भ्यावे आणि झोळी बांधण्याआधी वर पाहावे.

उन्हाळ्यात खालची दुलई काढून ठेवली की झोळी पुन्हा थंडगार होते, मात्र डास पातळ नायलॉनमधून पाठीला चावतात, म्हणून मच्छरदाणी खालूनही वेढून घ्यावी लागते. पावसाळ्यात घाटमाथ्यावर जुलैतही पहाटे पाठ गारठते, त्यामुळे दुलई लागतेच. पिसांची दुलई ओलाव्याने गोळा होते, पॉलिएस्टर बऱ्यापैकी फुगलेले राहते, म्हणून आपल्याकडे तेच बरे. राहता राहिले पट्ट्यावरून ओघळत झोळीत शिरणारे पाणी. त्यावर झोळीच्या टोकाजवळ, पट्ट्यावर, सुती कापडाची चिंधी बांधावी. पाणी तिच्यावरून खाली ठिबकते आणि आत येत नाही. ती चिंधी ताडपत्रीच्या आडोशाच्या आत बांधायची, हे मला एका भिजलेल्या रात्रीनंतर सुचले.