वसाहतकाळातल्या अमेरिकन घराण्यांची वंशावळ: जमिनीचे आणि चर्चचे कागद

अमेरिकेत पहिली जनगणना झाली १७९० मध्ये, आणि तीसुद्धा घरातल्या कर्त्या माणसाचं नाव लिहून बाकीच्यांची नुसती डोकी मोजणारी. त्याआधीची पावणेदोनशे वर्षं, म्हणजे १६०७ ला व्हर्जिनियात इंग्रजांचं जेम्सटाऊन वसलं तेव्हापासूनची, कोण कोणाचा मुलगा आणि कोणाची कोणाशी सोयरीक हे काढायचं तर मुख्यतः दोन ठिकाणी हात घालावा लागतो, जमिनीचे कागद आणि चर्चची रजिस्टरं. (मृत्युपत्रं असतातच, पण तीही बहुतेक जमिनीच्याच मागे फिरतात.) लोकांना वाटतं की चर्चचं रजिस्टर मिळालं म्हणजे काम झालं. व्हर्जिनियात मामला उलटा आहे. तिथली रजिस्टरं बरीचशी गेली, जमिनीचे कागद मात्र लोकांनी जिवापाड सांभाळले, कारण बाप्तिस्म्याची तारीख हरवली म्हणून कोणाचं शेत जात नाही.

व्हर्जिनियात जमीन मिळायची कशी हे आधी कळायला हवं. १६१८ पासून हेडराइट नावाची पद्धत होती, जो स्वतःच्या खर्चाने माणूस वसाहतीत आणेल त्याला माणशी ५० एकर. त्यामुळे जमिनीच्या पेटंटला, म्हणजे सनदेला, आणलेल्या माणसांच्या नावांची यादी जोडलेली असते. आज कोणीही उठतो, त्या यादीत आपल्या आडनावाचा माणूस बघतो आणि 'आमचे मूळ पुरुष अमुक साली आले' म्हणून मोकळा होतो. पण पेटंटची तारीख ही माणूस उतरल्याची तारीख नाही, हक्क वर्षानुवर्षं पडून राहायचे, विकले जायचे, आणि एकाच माणसावर जहाजाचा कप्तान एकदा, शेताचा मालक एकदा असे दोनदा ५०-५० एकर उपटायचे. यादीत नाव आहे म्हणजे माणूस त्या तारखेआधी कधीतरी आला, एवढंच धरायचं.

मोजणी साखळीने व्हायची. पोल म्हणजे साडेसोळा फूट, चार पोलांची एक साखळी, ६६ फुटांची, आणि जंगलात ओढायला सोपी म्हणून ३३ फुटांची अर्धी साखळी. (आपला गुंठा ३३ बाय ३३ चा का, याचं उत्तर याच इंग्रजी साखळीत आहे.) हद्द लिहायची ती अशी, ओढ्याच्या तोंडाजवळच्या खुणेच्या पांढऱ्या ओकपासून सुरू, तिथून दक्षिणेला इतके पोल, मग अमक्याच्या हद्दीने वर परत त्याच ओकपर्यंत. ओक कधीच मेला, ओढ्याने पात्र बदललं, पण 'अमक्याच्या हद्दीने' हे दोन शब्द शोधणाऱ्याला सोन्यासारखे. शेजारी कळला की निम्मं काम होतं, कारण पोरं लग्नं शेजाऱ्यांतच करायची. या हद्दी दर चार वर्षांनी पायी फिरून ताज्या करायचा कायदाही होता, आणि ते काम करून घ्यायचं कोणी, तर चर्चच्या व्हेस्ट्रीने, म्हणजे पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या मुलखाच्या) पंचांनी. म्हणून जमिनीच्या हद्दीची माहिती चर्चच्या वहीत सापडते. नवशिके ही वही उघडतच नाहीत, चर्चची आहे म्हणून.

कागद बोलतात कसे ते वॉशिंग्टन घराण्यावरून बघू, कारण या घराण्याइतकं कोणाचं दप्तर कोणी उकरलेलं नाही.

जॉर्ज वॉशिंग्टनच्या जन्माची नोंद घरच्या बायबलमध्ये आहे: ११ फेब्रुवारी १७३१/२ (दोन वर्षं का, ते पुढे येईल), सकाळी दहाच्या सुमारास, आणि पुढच्या ५ एप्रिलला बाप्तिस्मा. धर्मपिते दोन, बेव्हरली व्हाइटिंग आणि कॅप्टन ख्रिस्तोफर ब्रुक्स, आणि धर्ममाता मिसेस मिल्ड्रेड ग्रेगरी. आता ही ग्रेगरी बाई कोण? बायबल काही सांगत नाही. जमिनीच्या कागदांत जा. १६७४ ला जॉर्जचा पणजोबा जॉन आणि त्याचा भागीदार निकोलस स्पेन्सर यांना लिटल हंटिंग क्रीकवर ५,००० एकरांची सनद मिळाली. जॉनचा वाटा मुलगा लॉरेन्सकडे आला, आणि लॉरेन्सने १६९८ च्या मृत्युपत्रात ते २,५०० एकर लहानग्या मिल्ड्रेड नावाच्या मुलीला लिहून दिले. मग १७२६ चं खरेदीखत निघतं: रॉजर ग्रेगरी आणि त्याची बायको मिल्ड्रेड हे ती जमीन १८० पौंडांना ऑगस्टिन वॉशिंग्टनला विकतायत. ऑगस्टिन म्हणजे जॉर्जचा बाप. झालं की मग. धर्ममाता ही बाळाची आत्या, आणि तिने भावाला विकलेली जमीन म्हणजे पुढचं माउंट व्हर्नन, जॉर्जची प्रसिद्ध इस्टेट. पुढे तिने हेन्री विलिसशी लग्न केलं, म्हणजे एकच बाई वॉशिंग्टन, ग्रेगरी आणि विलिस अशा तीन आडनावांनी कागदांत फिरते. आडनावाच्या इंडेक्सवर विसंबलेला माणूस तिला तीन वेगळ्या बायका समजून बसेल.

हे खरेदीखतसुद्धा एक कागद नसून दोन आहेत. व्हर्जिनियात आज नाममात्र भाडेपट्टा करायचा आणि उद्या त्यावरचा मालकीहक्क सोडून द्यायचा, अशी दोन दिवसांची इंग्रजी युक्ती चालायची. पहिलाच कागद बघून 'आमच्या पूर्वजांनी जमीन भाड्याने घेतली होती' असं लिहिणारे कमी नाहीत. आणि बायकोचा जमिनीत तिसऱ्या हिश्शाचा हक्क असल्याने विक्रीच्या वेळी कोर्ट तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारायचं, राजीखुशीने सोडतेस ना? कित्येक बायकांचं पाळण्यातलं नाव आज फक्त त्या एका ओळीमुळे कळतं.

नात्यांच्या शब्दांनी मात्र भले भले फसलेत. आपल्याकडे आत्या, मावशी, काकू, मामी असे वेगळे शब्द आहेत म्हणून आपल्याला हा गोंधळ विचित्रच वाटतो, पण त्या काळच्या इंग्रजीत 'कझिन' म्हणजे पुतण्या-भाचाही असायचा, 'सन-इन-लॉ' म्हणजे सावत्र मुलगाही, आणि 'सीनियर-ज्युनियर' म्हणजे बापलेकच असतील असं काही नाही, गावात त्या नावाचे दोघं आहेत आणि एक वयाने मोठा आहे इतकंच. त्यात नावांची टंचाई. या घराण्यात पणजोबा जॉनचा बाप लॉरेन्स, भाऊ लॉरेन्स, मुलगा लॉरेन्स आणि पणतूही लॉरेन्स.

आणि याच नावसाधर्म्याने सगळ्यात मोठी चूक झाली. इंग्लंडच्या राजाच्या दरबारी वंशावळी सांभाळणारा मुख्य अधिकारी सर आयझॅक हर्ड याने जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असतानाच त्याची वंशावळ जुळवायला घेतली. वॉशिंग्टनने २ मे १७९२ च्या पत्रात माहीत होतं ते कळवलं, पण या विषयाकडे आपण फारसं लक्ष दिलेलं नाही हेही कबूल केलं. इंग्लंडमधल्या सलग्रेव्ह गावच्या वॉशिंग्टन घरात जॉन आणि लॉरेन्स नावाचे सख्खे भाऊ हर्डला सापडले, व्हर्जिनियात गेलेलेही जॉन आणि लॉरेन्स, मग तेच ते! हे पाऊणशे वर्षं खपलं. १८६६ ला कर्नल जोसेफ चेस्टर या वंशावळ-संशोधकाने दाखवून दिलं की तो जॉन 'सर' झालेला सरदार होता आणि तो लॉरेन्स पाद्री होता, दोघंही इंग्लंडमध्येच संपले.

खरा धागा हेन्री वॉटर्स या दुसऱ्या संशोधकाने १८८९ मध्ये लावला. इंग्लंडमधल्या ट्रिंग नावाच्या गावच्या चर्चच्या रजिस्टरमध्ये १६३५ ला लॉरेन्स, लॉरेन्स वॉशिंग्टनचा मुलगा, असा बाप्तिस्मा आहे (बापाचं आणि पोराचं नाव एकच, तरी त्याच ओळीत दोन वेगळी स्पेलिंगं). जॉनचा बाप्तिस्मा काही मिळाला नाही. मग वॉटर्सने भावंडांचा अख्खा घोळकाच धरला. त्याच गावातल्या अँड्र्यू नोलिंगने आपली जमीन धर्मपुत्र धाकट्या लॉरेन्सला ठेवलेली, आणि त्याच मृत्युपत्रात जॉन, विल्यम, एलिझाबेथ, मार्गारेट, मार्था ही बाकीची नावं. इकडे व्हर्जिनियात जॉनच्या मृत्युपत्रात बहीण मार्थाला १० पौंड, आणि मार्थाच्या स्वतःच्या १६९७ च्या मृत्युपत्रात इंग्लंडमधल्या बहिणी एलिझाबेथ आणि मार्गारेट. नुसता जॉन वॉशिंग्टन योगायोगाने कुठेही भेटेल, पण एवढी भावंडं एका घरात, समुद्राच्या दोन्ही तीरांवर, हा योगायोग म्हणणं अवघड आहे. यांचा बाप म्हणजे पर्ली गावचा पाद्री लॉरेन्स, १६४३ ला दारूच्या गुत्त्यावर बसतो या आरोपावरून हाकलला गेलेला. आणि गंमत अशी की हा पाद्री हर्डच्याच वंशावळीतला होता. हर्डने त्यालाच व्हर्जिनियाला पाठवला होता, गेला त्याचा मुलगा. घराणं बरोबर, पिढी एक चुकलेली.

चर्चच्या विधीची नोंद चर्चमध्येच असते असंही नाही. १६५९ ला याच पणजोबा जॉनने मेरीलँडच्या गव्हर्नरकडे तक्रार केली की जहाजावर एका बाईला चेटकीण म्हणून फाशी दिलं, पण खटल्याला येता येणार नाही असं ३० सप्टेंबरला कळवलं, कारण मुलाचा बाप्तिस्मा ठरलाय आणि 'गॉसिप्स'ना आमंत्रणं गेली आहेत. गॉसिप म्हणजे तेव्हा धर्मपिता-धर्ममाता, आजच्यासारख्या चकाट्या नव्हेत. फाशीच्या खटल्याच्या कागदांत एका बारशाचा पत्ता लागतो तो असा.

तारखांचंही एक सांगायला हवं. १७५२ पर्यंत इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून जानेवारी ते २४ मार्चच्या तारखांना १७३१/२ अशी दोन वर्षं लिहितात. मग सप्टेंबर १७५२ मध्ये २ तारखेनंतर एकदम १४ आली, मधले ११ दिवस गायब, आणि वॉशिंग्टनचा ११ फेब्रुवारी २२ फेब्रुवारी झाला. लग्न एप्रिल १७०० आणि पहिलं मूल फेब्रुवारी १७०० असं दिसलं की लगेच कुजबुज सुरू करू नये, लग्नालाच दहा महिने झालेले असतात.

उत्तरेकडच्या वसाहतींत काम त्यामानाने सोपं. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्म-मृत्यू गावचा कारकून लिहायचा. न्यू ॲमस्टरडॅमच्या (आजच्या न्यूयॉर्कच्या) डच चर्चची बाप्तिस्मा-लग्नाची रजिस्टरं १६३९ पासूनची आहेत आणि त्यांत बायकांचं माहेरचं नाव राहतं, फक्त नावामागे बहुधा आडनाव नसून बापाचं नाव असतं. रूझवेल्टांचा मूळ पुरुष तसाच क्लास मार्टेन्सन, म्हणजे मार्टेनचा क्लास, हे मराठी माणसाला समजवायची गरज नाही. क्वेकर पंथाचे लोक बाप्तिस्माच करत नाहीत, पण गाव बदललं की आधीच्या सभेकडून दाखला न्यायचे आणि लग्नाच्या कागदावर हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या घ्यायचे, त्यामुळे त्यांची घराणी सगळ्यात स्वच्छ निघतात.

दक्षिणेत मात्र आगींनी फार नुकसान केलं. यादवी युद्धात सुरक्षित राहावीत म्हणून काही काउंट्यांनी, म्हणजे जिल्ह्यांनी, आपली दप्तरं रिचमंडला पाठवली आणि ३ एप्रिल १८६५ ला रिचमंडच्या आगीत तीच जळाली. ज्यांनी आळस करून पाठवली नाहीत त्यांची वाचली. सरकारी सनदांच्या वह्या वेगळ्या असल्याने टिकल्या, त्या आज रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाने ऑनलाइनसुद्धा ठेवल्यात.

गुलाम केलेल्या आफ्रिकन माणसांची वंशावळ शोधणाऱ्यांनाही याच वह्या धुंडाळाव्या लागतात. १७०५ च्या कायद्याने व्हर्जिनियाने गुलामांना स्थावर मालमत्ता ठरवलं, म्हणून माणसं जमिनीच्या खतांत सापडतात, ओढा, ओक आणि गुरांच्या शेजारी, नुसत्या पहिल्या नावाने. १६६२ पासून मूल आईच्या दर्जाचं धरलं जायचं, त्यामुळे आईचं नाव कुठेकुठे येतं, बापाचं क्वचितच. आल्बेमार्ल पॅरिशच्या १७३९ ते १७७८ च्या रजिस्टरमध्ये गुलामांच्या जन्म-बाप्तिस्म्याच्या नोंदी आहेत, त्यांत ओळख पटवायला असतं ते मालकाचं नाव. म्हणजे आज ज्यांना आपली खापरपणजी शोधायची आहे त्यांना आधी तिच्या मालकाची सनद, वाटणी आणि मृत्युपत्र लावत बसावं लागतं, आणि तो मेल्यावर ती कोणाच्या वाट्याला गेली हे बघून पुढची वही उघडावी लागते.