ब्रेक फेल झाला की ब्रेक फेड झाला?

जुन्या अमेरिकन गाड्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं : “ब्रेक फेल झाला होता, पण नंतर मेकॅनिकला काहीच सापडलं नाही.” सापडणार कुठून? ब्रेक फेल झालाच नव्हता, फेड झाला होता, म्हणजे तापून त्याची पकड तात्पुरती घटली होती. या दोन गोष्टी एकाच नावाने खपवल्या जातात याचा मला मनापासून राग येतो, कारण त्या क्षणी दोन्हींत करायचं वेगळं असतं.

फेल म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. नळी फुटली, ऑइल गळलं, पेडल थेट तळाला. कॅडिलॅकने १९६२मध्ये दुहेरी मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलमार्गे चाकांकडे पोचवणारा, दोन वेगळे भाग असलेला पंप) आणला आणि १९६७च्या मॉडेलांपासून तो बाकीच्यांकडेही आला. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत एक नळी गेली की चारही चाकांचा ब्रेक गेला. एवढं पुरे.

फेडमध्ये ऑइल जागच्या जागी असतं, नळ्या शाबूत असतात, पायाखाली पेडल घट्ट लागतं. तुम्ही दाबता, आणखी जोर लावता आणि गाडी पुढे जातच राहते.

१९५९ची कॅडिलॅक घ्या. लांबी ५.७ मीटर, वजन सव्वादोन टनांच्या आगेमागे, चारही चाकांना ड्रम ब्रेक. त्यात चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून शू दाबले जातात; शूवरचा घासणारा थर तो लायनर. ताशी १०० किलोमीटरवरून ती थांबवताना जेवढी उष्णता तयार होते, त्याच्या अडीचपट ती १६०वरून थांबवताना होते. ड्रम हा बंद डबा, ही उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. लायनर तापला की त्याची पकड कमी होते. इथपर्यंत लोकांना कळतं. खरी मेख पुढे आहे. त्या काळच्या बहुतेक अमेरिकन ड्रममध्ये फिरता ड्रमच शूला आपल्याबरोबर ओढून आणखी आवळतो. एवढं अवजड धूड हलक्या पायाने थांबतं ते त्यामुळेच. पण लायनरची पकड थोडी घटली की हे ओढणंही घटतं, आणि ब्रेकचा जोर पकडीच्या कितीतरी जास्त प्रमाणात कोसळतो. शिवाय तापलेला ड्रम फुगून शूपासून लांब जातो, म्हणून पेडल नेहमीपेक्षा खाली जातं. लोक फसतात ते इथे. पेडल खाली गेलं म्हणजे फेल, असं नाही. खाली जाऊन ते टणक लागलं तर फेड. मऊ पडत तळाला टेकलं तर फेल.

नेव्हाडात आय-८० महामार्गावर काही टप्प्यांत ताशी ८० मैलांची मर्यादा आहे. तिथे एका मित्राच्या साठच्या दशकातल्या सेडानमध्ये मी शेजारी बसलो होतो. पुढे ट्रक आला, मित्राने करकचून ब्रेक दाबला, गाडी छान मंदावली. पुन्हा वेग घेतला, दोन मिनिटांत पुन्हा ब्रेक. या वेळी त्याचा पाय ताठ झालेला मला दिसत होता, लायनर जळल्याचा कडवट वास आत आला, आणि काटा ६०च्या खाली उतरायला तयार नव्हता. तो डाव्या बाजूच्या मोकळ्या लेनमध्ये गेला म्हणून निभावलं. अर्ध्या तासाने तेच ब्रेक ठणठणीत!

“माझ्या गाडीला पॉवर ब्रेक आहेत” हे उत्तर मला ऐकवू नका. त्यातला बूस्टर तुमच्या पायाचे कष्ट वाचवतो. उष्णता बाहेर टाकायची ड्रमची ताकद त्याने तसूभरही वाढत नाही. पैसे घालायचेच असतील तर पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवा, त्यांची तबकडी उघडी असल्याने लवकर निवते. लिंकन कॉन्टिनेंटलने १९६५मध्ये तेच केलं. गाडीचं मूळपण बिघडतं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ती गाडी प्रदर्शनात ठेवावी, महामार्गावर पळवू नये.

फेल झाला तर पेडल भराभर पंप करा आणि पार्किंग ब्रेक हळूहळू ओढा. तो तारेवर चालतो, त्याला ऑइल लागत नाही. फेडमध्ये पंप करून लायनरची पकड परत येत नाही. पार्किंग ब्रेकचाही फारसा आधार नाही, कारण बहुतेक गाड्यांत तो मागच्या त्याच तापलेल्या ड्रमवर लागतो. फेडमध्ये वेळेआधी खालचा गिअर टाकणं हाच मार्ग. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे आपल्याकडे खंडाळ्यात शिकवतात तेच. मात्र शेवरलेच्या पॉवरग्लाइड या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला पुढचे गिअर दोनच, आणि भर वेगात ‘लो’ टाकता येत नाही. तिथे आधीच वेग कमी ठेवायचा आणि दोन ब्रेकांमध्ये ड्रमला वारा लागू द्यायचा. कोलोरॅडोत पाइक्स पीक हा डोंगर उतरताना वाटेत ग्लेन कोव्ह या ठिकाणी गाड्यांच्या ब्रेकचं तापमान तपासतात आणि तापलेली गाडी बाजूला उभी करायला लावतात, ते याच कारणाने.

बाजूला थांबलात तर लगेच पार्किंग ब्रेक ओढू नका. निवताना ड्रम आकसतो आणि शूवर आवळून बसतो. गिअर पार्कमध्ये टाका, चाकाखाली दगड लावा आणि ड्रमला हात लावण्याआधी अर्धा तास जाऊ द्या.