इंजिन शाकारण्याची पद्धत कशी बदलत गेली

कोकण किनाऱ्यावर पावसाळ्याआधी होड्या ओढून शाकारतात. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, ग्रेट लेक्सवर किंवा स्वीडनमध्ये हेच काम ऑक्टोबरात होते, पण तिथे राखायचे असते ते मुख्यतः इंजिन. शिडाच्या बोटीच्या पोटातल्या इनबोर्ड इंजिनात पाणी राहिले आणि थंडी पडली, तर बीडाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य ओतीव भाग) एका रात्रीत तडकतो. हे टाळायच्या पद्धतीचे गेल्या शंभर वर्षांत तीन काळ झाले. तिन्ही काळांतली इंजिने आजही पाण्यावर आहेत, आणि एका काळाची कृती दुसऱ्या काळाच्या इंजिनाला लावली की नुकसान ठरलेले.

आधी पाणी काय करते ते पाहू. 4 अंश सेल्सियसच्या खाली गार होताना पाणी आकसण्याऐवजी फुगू लागते आणि बर्फ होताना सुमारे 9 टक्के जागा वाढवून घेते. उघड्या बादलीत ही वाढ वर सरकते. इंजिनाच्या जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत, मात्र अरुंद वाटा आधी गोठून बूच बसते आणि मागचे पाणी कोंडले जाते. असे कोंडलेले पाणी गोठताना वाढवू शकणारा दाब −22 अंशांपर्यंत हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे 2,000 पटींवर जातो. एवढा दाब बीड सोसत नाही. समुद्राचे पाणी −1.9 अंशांना गोठते म्हणून खाऱ्या पाण्यातली बोट सुरक्षित, हा समज अर्धाच खरा आहे. बाल्टिक इतका कमी खारट आहे की त्याच्या बऱ्याच भागात तो आधार अर्ध्या अंशाचाही नसतो.

ब्लॉकच्या बाजूला बसवलेल्या गोल पत्र्याच्या बुचांना ‘फ्रीज प्लग’ म्हणतात, ते नावच फसवे आहे. ओतकामातली वाळू बाहेर काढायला ठेवलेली ती भोके आहेत. गोठताना कधी बूच निसटते आणि ब्लॉक वाचतो, पण त्या भरवशावर राहू नये.

पहिला काळ ड्रेन कॉकचा, म्हणजे पाणी सोडायच्या तोटीचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची एक-दोन सिलिंडरची बोटइंजिने बाहेरचे पाणी थेट जॅकेटमधून फिरवून परत बाहेर टाकत. थंडीत काम संपले की सर्वांत खालचा कॉक उघडायचा, पाणी सोडायचे. जॅकेट साधे, वाटा मोठ्या, त्यामुळे एवढ्यावर भागत असे. अडचण एकच होती आणि ती आजही तशीच आहे: गंज आणि गाळ कॉकच्या तोंडाशी बसतो. कॉक उघडला, काही आले नाही, म्हणजे आत पाणी नाही असे मालक समजतो. कॉक उघडल्यावर भोकातून तार आत घालून हलवायची, तरीही धार येत नसेल तर कॉकच काढायचा. पाणी सोडण्याआधी समोर भांडे धरून किती आले ते मोजले, तर फसगत होत नाही.

जुन्या मोटारींत पाणी गोठू नये म्हणून त्यात अल्कोहोल मिसळत. मिथेनॉल 65 अंशांना आणि इथेनॉल 78 अंशांना उकळते, म्हणजे इंजिन तापले की उडून जायचे आणि वाफ पेटण्याची भीती. कॅल्शियम क्लोराइड गोठू देत नसे, पण धातू खात असे. ग्लिसरीन महाग आणि घट्ट. इथिलीन ग्लायकॉल फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल-आदोल्फ व्युर्त्स यांनी 1850 च्या दशकातच तयार केले होते, पण ते सर्वांच्या हाती आले 1927 मध्ये, प्रेस्टोन या नावाने. विमानांच्या इंजिनांनीही ते उचलले. रोल्स-रॉइस मर्लिन सुरुवातीला शुद्ध ग्लायकॉलवर चाले आणि नंतर 70 टक्के पाणी, 30 टक्के ग्लायकॉल अशा मिश्रणावर आले. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल −13 अंशांनाच गोठते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. निम्मे पाणी मिसळले की गोठणबिंदू −37 अंशांपर्यंत उतरतो. ‘जास्त घातले तर जास्त सुरक्षित’ हे इथे चालत नाही.

बोटींना मात्र याचा लगेच उपयोग झाला नाही, कारण बहुतेक बोटइंजिने अजून बाहेरच्याच पाण्यावर थंड होत होती. दुसरा काळ अशाच इंजिनांचा, पण त्यांत अँटिफ्रीज (पाणी गोठू न देणारे द्रव) फिरवण्याचा. विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश गावी युनिव्हर्सल मोटर कंपनीने 1947 पासून अ‍ॅटॉमिक फोर हे 30 अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन बनवले. 1980 च्या दशकापर्यंत सुमारे 40,000 इंजिने निघाली आणि उत्तर अमेरिकेतल्या एका पिढीच्या शिडाच्या बोटी त्यावर चालल्या. व्होल्वो पेंटाच्या एमडी मालिकेतली डिझेल इंजिनेही अशीच बाहेरच्या पाण्यावरची. क्षार साचू नयेत म्हणून अशा इंजिनाचे तापमान 60 अंशांच्या आसपास रोखतात आणि त्यासाठी थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार उघडणारी झडप, लागतो. हिवाळ्याच्या कामातली सर्वांत मोठी चूक याच थर्मोस्टॅटमुळे होते.

इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो. पंप पाणी ओढतो, पण ते ब्लॉकमध्ये न शिरता बायपासने (आडवाटेने) थेट एक्झॉस्टला, म्हणजे धूर सोडणाऱ्या नळीला, जाते. मालक बादलीतून अँटिफ्रीज पाजतो, मागून गुलाबी धार दिसते, तो समाधानाने इंजिन बंद करतो. ब्लॉकमध्ये मात्र तळ्याचेच पाणी असते. म्हणून अशा इंजिनात आधी ड्रेन कॉकने ब्लॉक आणि मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला धूर गोळा करणारा ओतीव भाग) रिकामे करावे, मग थर्मोस्टॅट काढून झाकण परत बसवावे आणि त्यानंतरच अँटिफ्रीज फिरवावे. इंजिन तापवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबता येते, पण बादलीतले आठ-दहा लिटर त्याआधीच संपून जातात.

हे अँटिफ्रीज बाहेर पाण्यात जाते, आणि इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. गोड चवीमुळे जनावरे ते चाटतात आणि मरतात. त्यामुळे प्रॉपिलीन ग्लायकॉलचे गुलाबी अँटिफ्रीज आले. ते मुळात फिरत्या घरांच्या पिण्याच्या नळांसाठी होते, तिथून बोटींवर आले. डब्यावर ठळक छापलेले −50 हे फॅरनहाइटमध्ये असते, म्हणजे −46 सेल्सियस; आणि तो नळी फुटण्याचा अंक आहे, गोठण्याचा नव्हे. हे द्रव −11 अंशांच्या सुमारास चिखलासारखे होऊ लागते. स्फटिकांमध्ये द्रव उरतो, म्हणून ते फारसे जोर लावत नाही आणि तांब्याचा नळ टिकतो. पण हा हिशेब ते न मिसळलेले असताना. इंजिनात 4 लिटर पाणी राहिले असेल आणि त्यावर 8 लिटर घातले, तर मिश्रणात ग्लायकॉल 20 टक्क्यांच्याही खाली येते आणि −7 अंशांच्या आसपासच गोठण सुरू होते. अमेरिकेतल्या मेन किंवा व्हरमाँटमध्ये −20 ची रात्र नवी नाही. म्हणून रंग पाहून थांबू नये. एक्झॉस्टमधून आलेले द्रव रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून मिश्रणाचे प्रमाण सांगणाऱ्या उपकरणावर) तपासावे, आणि तेही प्रॉपिलीनच्या पट्टीवर. इथिलीनसाठी बनवलेला तरंगता हायड्रोमीटर इथे चुकीचा आकडा दाखवतो. −50 च्या डब्यापेक्षा −100 चे घट्ट मिश्रण घेतले, तर थोडे पाणी मिसळले तरी निभावते.

तिसरा काळ हीट एक्स्चेंजरचा, म्हणजे आतल्या द्रवाची उष्णता बाहेरच्या पाण्याला देणाऱ्या भागाचा. 1980 च्या दशकात यानमारच्या जीएम मालिकेत एकच इंजिन दोन्ही प्रकारांत मिळू लागले: नावाशेवटी एफ असेल तर आत कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) बंद चक्र आणि बाहेरच्या पाण्याचे वेगळे चक्र, एफ नसेल तर सारे बाहेरच्या पाण्यावर. पाटीवरचे हे एक अक्षर वाचल्याशिवाय कामाला हात लावू नये. बंद चक्रातल्या कूलंटचा फक्त गोठणबिंदू तपासायचा. मग काम उरते ते बाहेरच्या पाण्याच्या वाटेचे: सी-कॉक (बाहेरचे पाणी आत घेणारी तोटी), गाळणी, इम्पेलर (रबरी पात्यांचे चाक) असलेला पंप, हीट एक्स्चेंजरच्या नळ्या, वाकडी एक्झॉस्ट कोपरनळी आणि पाणी धरून ठेवणारा सायलेन्सर.

क्रम असा. बोट पाण्यात असतानाच इंजिन तापवून तेल बदलावे. वापरलेल्या तेलातली आम्ले हिवाळाभर बेअरिंगवर बसू देऊ नयेत. गोड्या पाण्याने वाट धुवावी. सी-कॉक बंद करून गाळणीकडची नळी 10 लिटर अँटिफ्रीजच्या बादलीत घालावी, इंजिन सुरू करावे आणि बादली रिकामी होण्याआधी बंद करावे, नाहीतर कोरडा इम्पेलर मिनिटभरात फाटतो. इंजिन सुरू न होता स्टार्टर फिरवत राहिलो, तर पंप पाणी ढकलत राहतो पण ते बाहेर फेकायला एक्झॉस्टचा जोर नसतो; सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटे सिलिंडरमध्ये शिरते. अशा वेळी सायलेन्सरचे ड्रेन बूच उघडून मगच पुन्हा प्रयत्न करावा. शेवटी इम्पेलर काढून घरी न्यावा आणि इम्पेलर काढल्याची चिठ्ठी चावीला बांधावी.

सी-कॉक बॉल व्हॉल्व्हचा असेल तर बंद केल्यावर चेंडूच्या पोटात थोडे पाणी अडकते आणि तेच व्हॉल्व्ह फोडते. बोट जमिनीवर आली की तो उघडा ठेवावा. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर −50 अंशांनाही गोठत नाही, उतरलेली मात्र −7 च्या आसपासच गोठू शकते.

या सगळ्यात उबदार भागांतले मालक अधिक फसतात. मेनमधला मालक ऑक्टोबरातच बोट ओढतो. टेक्सासमधली बोट बारा महिने पाण्यात असते, आणि फेब्रुवारी 2021 सारखी थंडीची लाट आली की काही दिवसांत पारा शून्याखाली जातो. अशा पाण्यातल्या बोटीत गाळणीचे प्लॅस्टिकचे भांडे आधी तडकते. बर्फाने भोक बुजलेले असेपर्यंत काहीच कळत नाही. थंडी ओसरून बर्फ वितळला आणि सी-कॉक उघडा राहिलेला असला, की त्या तड्यातून पाणी आत येऊ लागते आणि बोट धक्क्यालाच बुडते.