सोलापुरात गच्चीवर रेडिओ स्कॅनरचा अँटेना: परवाना, पात्रता आणि लागणारे कागद

रेडिओ स्कॅनर म्हणजे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी आपोआप चाळून त्यावरचं बोलणं ऐकवणारं यंत्र. त्यासोबत येणाऱ्या वीतभर रबरी अँटेनावर घरात बसून फारसं काही लागत नाही, म्हणून गच्चीवर पाईप उभा करायचा विचार लगेच येतो. पाईप, अँटेना आणि खाली येणारी केबल हे काम एका सुट्टीच्या दिवसात होतं. कागदांना मात्र वेळ लागतो. दूरसंचार विभागाचा परवाना, विमानतळामुळे आलेली उंचीची मर्यादा आणि सोसायटीची संमती, या तीन गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी सोडवाव्या लागतात. माझं सांगणं एवढंच की परवान्यापासून सुरुवात करा. पाईप शेवटी.

नुसतं ऐकायलाही परवाना?

घरातल्या वडीलधाऱ्यांना पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स भरल्याचं आठवत असेल. ते ऐंशीच्या दशकात बंद झालं आणि तेव्हापासून ‘रेडिओ ऐकायला काही लागत नाही’ असा समज पक्का झाला. तो प्रसारणापुरता बरोबर आहे. आकाशवाणी सोलापूर लावा, एफएम लावा, परदेशी शॉर्टवेव्ह केंद्रं लावा, कोणी विचारणार नाही. स्कॅनर मात्र प्रसारणाबाहेरच्या लहरीही पकडतो. विनापरवाना वायरलेस यंत्र बाळगायला 1933 च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यानेच मनाई केली आणि त्यात केवळ ऐकणारी यंत्रंही येत होती. आता 2023 चा दूरसंचार कायदा आला आहे. त्यातलं 42 वं कलम 26 जून 2024 पासून लागू आहे. बेकायदा रीतीने संदेश टिपल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे.

सोलापुरात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. गड्ड्याच्या यात्रेत पोलिसांचा वायरलेस ऐकता येईल का? होटगी रोडवरून विमानं सुरू झाली आहेत, तर टॉवर आणि पायलटचं बोलणं ऐकता येईल का? दोन्हींचं उत्तर नाही असंच आहे. यंत्राला ते पकडता येतं म्हणून आपल्याला ते ऐकायची मुभा मिळत नाही. चुकून कानावर पडलं, तर ते कोणाला सांगू नये, रेकॉर्ड करू नये, व्हॉट्सॲपवर तर अजिबात टाकू नये.

ज्याला या छंदात मनापासून उतरायचं आहे त्याच्यासाठी सरळ वाट एकच आहे: हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा परवाना. तो असला की हॅमसाठी राखलेल्या लहरींवर ऐकताही येतं आणि बोलताही येतं. 1993 च्या किल्लारी भूकंपात फोन बंद पडले तेव्हा हॅम मंडळींनीच निरोप पोचवले होते. तो हादरा सोलापूरनेही अनुभवला आहे, त्यामुळे आपल्या भागात असे परवानाधारक जास्त असायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

पात्रता आणि परीक्षा

अर्जदार भारतीय नागरिक आणि किमान 12 वर्षांचा असावा. शिक्षणाची अट नाही. आधी परीक्षा देऊन ऑपरेटरचं प्रमाणपत्र मिळवायचं, मग परवान्यासाठी वेगळा अर्ज करायचा. पास झालो म्हणजे परवाना मिळाला, असं समजून सेट सुरू करू नका.

परीक्षेच्या दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेड श्रेणीत रेडिओचं प्राथमिक तंत्र आणि नियम असे दोन भाग असतात, प्रत्येकात 40 टक्के आणि एकूण 50 टक्के गुण लागतात. मोर्स, म्हणजे टिंब-रेषांची संकेतलिपी, नाही. जनरल श्रेणीत मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स पाठवता आणि घेता यायला हवा. पहिल्या श्रेणीचा कॉलसाइन, म्हणजे हवेत सांगायचं ओळखचिन्ह, व्हीयू3 ने सुरू होतो, दुसऱ्याचा व्हीयू2 ने. नवख्याने रिस्ट्रिक्टेडच द्यावी. घरगुती अँटेनासाठी तिची 50 वॅटची मर्यादा भरपूर आहे.

अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. परीक्षा विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग स्टेशनकडे असते. सोलापूर मुंबई-हैदराबाद रेल्वेमार्गावरच असल्यामुळे या दोन्ही शहरांतल्या स्टेशनांपैकी सोयीचं निवडता येतं. शुल्काचा आकडा पोर्टलवर अर्ज भरताना दिसतो, तोच धरा.

कागद मोजकेच: फोटो, सही, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि जन्मतारखेचा पुरावा. शेवटच्यासाठी दहावीचं प्रमाणपत्र किंवा जन्मदाखला चालतो. अर्ज अडकतो तो नावावर. आपल्याकडे पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आणि अक्कलकोटकडच्या कन्नड घरांत आधारवर एक स्पेलिंग आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं, एकीकडे आडनाव आधी आणि दुसरीकडे शेवटी, असं सर्रास असतं. अर्ज भरण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून बघा. फरक असेल तर आधार दुरुस्त करून घ्या, मगच पोर्टलवर खातं उघडा.

परवान्याच्या अर्जात स्टेशनचा पत्ता द्यावा लागतो. जिथे अँटेना उभा राहणार तोच पत्ता लिहा. भाड्याच्या घरात असाल तर करारनामा आणि घरमालकाचं संमतिपत्र जवळ असू द्या.

बोलण्याचा सेट परवाना हातात आल्यावरच घ्यावा आणि बिल जपून ठेवावं. ऑनलाइन स्वस्तात दिसणाऱ्या वॉकीटॉकींच्या मोहात पडू नका. अशा बेकायदा विक्रीला आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2025 मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत.

पाईप किती उंच चालेल

सोलापूरकरांना उंचीचा नियम समजावून सांगायची गरज नाही. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानतळाच्या मार्गात अडथळा ठरली आणि जून 2023 मध्ये पाडली गेली, हे सगळ्या शहराने पाहिलं. आपला पाईप त्या मानाने काहीच नाही, पण नियम त्यालाही लागतो. 2015 च्या केंद्राच्या नियमांनुसार विमानतळापासून 20 किलोमीटरच्या परिघात बांधकामाच्या उंचीवर मर्यादा येते. म्हणजे सगळं शहर त्यात आलं.

इमारतीला एअरपोर्ट ऑथॉरिटीचं ना हरकत पत्र मिळालं असेल तर ते सोसायटीकडून मागून वाचा. त्यात एक कमाल उंची दिलेली असते, आणि ती जमिनीपासून मोजलेली नसते, समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, वीजरोधक, रेडिओ-टीव्हीचा अँटेना, काहीही त्या उंचीच्या वर जाऊ नये अशी अटच त्या पत्रात लिहिलेली असते. तुमच्या अँटेनाचं टोक त्याखाली राहत असेल तर पत्राची प्रत फाइलला लावा. असं पत्रच नसेल आणि घर होटगी रोड, मजरेवाडीच्या बाजूला असेल, तर ऑथॉरिटीच्या नोकॅस या ऑनलाइन व्यवस्थेत अर्ज करा. त्यासाठी जागेचे अक्षांश-रेखांश आणि उंची दाखवणारं प्रमाणपत्र, मालकीचा कागद आणि हमीपत्र लागतं.

सोसायटीला अर्ज

गच्ची सामाईक असते, सेक्रेटरींनी तोंडी दिलेला होकार पुढच्या कमिटीला बांधील नसतो. म्हणून लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि ठराव मागा. अर्ज थोडक्यात असावा:

‘मा. सचिव यांस, मी सदनिका क्र. … चा सभासद असून माझ्याकडे हौशी रेडिओ केंद्राचा परवाना आहे (प्रत जोडली आहे). इमारतीच्या गच्चीवर जिन्याच्या खोलीच्या भिंतीला 3 मीटर उंचीचा जीआय पाईप व त्यावर अँटेना बसवण्यास परवानगी मिळावी. वॉटरप्रूफिंगला छिद्र पाडले जाणार नाही. अर्थिंग व देखभालीचा खर्च मी करीन. इमारतीस नुकसान झाल्यास भरपाई माझ्याकडे राहील.’

वॉटरप्रूफिंगचं वाक्य गाळू नका. गच्ची गळेल ही कमिटीची खरी भीती असते. क्लॅम्प स्लॅबवर न मारता भिंतीला मारले तर तो प्रश्नच उरत नाही. सोबत हाताने काढलेला साधा नकाशा द्या: पाईप कुठे, केबल कोणत्या डक्टमधून, अर्थिंग कुठे.

केबल आणि अर्थिंग

जागा निवडताना महावितरणच्या तारांकडे आधी बघा. पाईप आडवा पडला तरी तारेला शिवणार नाही इतकं अंतर हवंच. पाईप उभा करताना एकट्याने करू नका.

केबलमध्ये पैसे वाचवू नका. 145 मेगाहर्ट्झच्या आसपास आरजी-58 केबलच्या 20 मीटरमध्ये निम्म्याहून जास्त सिग्नल खर्ची पडतो. तेवढ्याच लांबीच्या आरजी-213 मध्ये दोन डेसिबलही जात नाहीत (निम्मा सिग्नल जाणं म्हणजे तीन डेसिबल). टीव्हीची आरजी-6 केबल 75 ओहमची असते. नुसत्या ऐकण्याला ती चालून जाते, पण प्रक्षेपणासाठी 50 ओहमचीच घ्या. इथल्या उन्हात स्वस्त केबलचं आवरण तडकतं आणि पहिल्याच पावसात पाणी आत शिरतं, म्हणून बाहेरच्या वापराची काळी पॉलिथिन आवरणाची केबल बघा. कनेक्टरवर एकमेकांत जिरणारी रबर टेप ताणून गुंडाळा. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, पाणी तिथूनच गळून जातं.

एप्रिल-मे मधले वळवाचे पाऊस विजा घेऊन येतात. पाईपला जाड तांब्याची तार जोडून ती अर्थ रॉडपर्यंत शक्य तितकी सरळ न्या आणि तो रॉड इमारतीच्या अर्थिंगला जोडून घ्या. केबल घरात येते तिथे लाइटनिंग अरेस्टर बसवा. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं की त्याचं बिल सोसायटीच्या फाइललाही उपयोगी पडतं. एवढं करूनही आभाळ गडगडायला लागण्याआधीच केबल सेटपासून काढून ठेवायची.

परवान्याची प्रत सेटजवळ ठेवा आणि लॉगबुकमध्ये प्रत्येक संपर्काची तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी आणि समोरचा कॉलसाइन लिहीत जा, ते नियमानेच बंधनकारक आहे. घर बदललं तर नव्या पत्त्याची नोंद परवान्यावर करून घ्या आणि मगच तिथे पाईप उभा करा.