सुधीर कक्कर आणि भारतीय मनातील कामना

सुधीर कक्कर (१९३८–२०२४) यांनी पदवी घेतली यंत्र अभियांत्रिकीची आणि डॉक्टरेट मिळवली व्हिएन्नात, अर्थशास्त्रात. गांधीजींवरील संशोधनासाठी साठच्या दशकात अहमदाबादला आलेल्या मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांच्याशी गाठ पडली आणि ते मनोविश्लेषणाकडे, म्हणजे रुग्णाशी बोलत त्याच्या मनातील दडलेल्या इच्छा आणि भीती उलगडण्याच्या पद्धतीकडे, वळले. फ्रांकफुर्टमध्ये रीतसर प्रशिक्षण घेऊन १९७५ मध्ये त्यांनी दिल्लीत रुग्ण पाहायला सुरुवात केली.

मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याच्या सिद्धांतात मुलाला आईची ओढ असते आणि वडिलांचा धाक. कक्कर यांना आपल्या अनेक पुरुष रुग्णांमध्ये वडील काहीसे दूरच दिसले. खरी ओढाताण होती ती आईच्या कुशीत विरघळून जाण्याची इच्छा आणि त्याच कुशीत गुदमरण्याची भीती यांमधली. एकत्र कुटुंबात नवराबायकोच्या जवळिकीकडे संशयानेच पाहिले जाते, त्यामुळे नव्या सुनेची सारी भावनिक गुंतवणूक मुलगा झाल्यावर त्याच्याकडे वळते आणि पुढे त्या मुलाला पत्नीशी जवळीक साधणे जड जाते, असे त्यांचे विवेचन होते. गणपती आणि कार्तिकेय यांच्या प्रदक्षिणेची कथा ते याच अंगाने वाचत: एक भाऊ विश्व पालथे घालायला निघतो, दुसरा आईभोवतीच फेरी मारतो, आणि या दोन्ही इच्छा एकाच मुलाच्या मनात नांदत असतात. (कोलकात्याचे मनोविश्लेषक गिरींद्रशेखर बोस यांनीही पूर्वी फ्रॉइडला पत्राने कळवले होते की, भारतीय रुग्णांचे मन वेगळ्या वळणाचे आहे.)

कक्कर यांच्या १९८९ च्या ‘इंटिमेट रिलेशन्स’ या पुस्तकात दिल्लीच्या झोपडवस्तीतील स्त्रियांच्या मुलाखती आहेत, आणि मला त्यांच्या लेखनातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. मारहाण, दारू, उपेक्षा यांबद्दल बोलता बोलता या स्त्रियांच्या तोंडी पुन्हा पुन्हा येते ते ‘जोडी’चे स्वप्न: सासर, दीर-नणंदा, अगदी मुलेही बाजूला ठेवून नवराबायकोने एकमेकांचे व्हावे, एवढीच त्यांची अपेक्षा. पुढे संस्कृतच्या अमेरिकन अभ्यासक वेंडी डॉनिगर यांच्यासह त्यांनी कामसूत्राचे इंग्रजी भाषांतर केले; ते २००२ मध्ये प्रसिद्ध झाले.

या साऱ्याला विज्ञान म्हणावे का, हा आक्षेप रास्त आहे. मोजक्या रुग्णांवरून, तेही बहुतांशी शहरी, उच्चवर्णीय हिंदू कुटुंबांतील, ‘भारतीय मन’ ठरवता येत नाही, आणि पुराणकथेचा अर्थ प्रयोगाने पडताळता येत नाही. म्हणी, हिंदी चित्रपट, कादंबऱ्या आणि गांधीजींची आत्मकथा यांचा पुरावा जोडून कक्कर यांनी आपली सामग्री वाढवली खरी, पण त्या पुराव्याचा अर्थ लावणारेही तेच होते.