समुद्र नाही तरी भांडण तेच : विदर्भातल्या तलाव-धरणांवर मासेमारीचे नियम आले कुठून

किनाऱ्यावर दरवर्षी १ जून जवळ आला की तीच चर्चा सुरू होते, पावसाळी मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत सागरी पोलीस कोणाची बोट धरतात अन् कोणाची सोडतात, छोट्या होडीवाल्याला दंड अन् एलईडीच्या उजेडात मासे ओढणारा मोठा ट्रॉलर मोकळा, वगैरे. आपल्याकडे भंडारा-गोंदिया-गडचिरोलीत बसून हे वाचताना वाटतं की आपल्याले काय करायचं, आपला तर समुद्राशी संबंध रेल्वेच्या तिकिटापुरता. पण राजेहो, पाणी आपल्याकडे कमी नाही, डोंगे आहेत, मासे धरणारे ढिवर आहेत, अन् धरणारे हात तर किनाऱ्यापेक्षा जास्त आहेत. किनाऱ्यावर निदान एक कायदा आहे, १९८१ चा, त्यात कोणी धरायचं, कोणासमोर प्रकरण न्यायचं, जप्त मासळीचा लिलाव करून पैसे कुठं जमा करायचे हे लिहिलेलं आहे. २०२१ मध्ये तो बदलला, निकाल द्यायचं काम तहसीलदाराकडून काढून मत्स्य खात्याच्या अधिकाऱ्याकडे दिलं अन् दंड लाखांत नेले. तो नीट राबवला जातो का हा वेगळा वाद. आपल्याकडे वाद त्याच्या एक पायरी आधीचा आहे, मुळात राबवायचं कोणी?

मालगुजारी तलावांचा, म्हणजे सारा भरणाऱ्या गावमालकाच्या तलावांचा, जुना इतिहास सगळ्यांना माहीत आहे, गोंड राजांचा काळ, कोहळी समाजानं बांधलेले तलाव, पूर्व विदर्भात अजूनही हजारोंनी आहेत, तो परत सांगत नाही. मासोळ्यांपुरतं एवढंच लक्षात ठेवा की इंग्रजांनी १८९७ मध्ये मासेमारीचा कायदा केला. त्यात सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारले तर दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड होता, अन् त्या काळचे दोनशे म्हणजे चेष्टा नव्हती. पण जाळं कसं, कुठं, कोणत्या महिन्यात, हे जे बारीक नियम सरकार करणार होतं ते खाजगी पाण्याला मालकाच्या लेखी संमतीशिवाय लागू होत नव्हते. मालगुजाराचा तलाव म्हणजे खाजगीच. त्यामुळं सरकारी नियम तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, यायचा अन् तिथंच थांबायचा. आत मालगुजाराचा शब्द, ढिवरानं शिंगाडा लावायचा, मासे धरायचे अन् ठरलेला वाटा द्यायचा. ते काही रामराज्य नव्हतं, मालगुजार मनात आलं तर हाकलून लावू शकत होता. पण हाकलणारा एकच होता अन् त्याचं घर माहीत होतं.

त्या १८९७ च्या कायद्यात एक गोष्ट मला आजही महत्त्वाची वाटते. विनावॉरंट अटक करायची तर गुन्हा धरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर व्हायला पाहिजे, माणूस अनोळखी पाहिजे, अन् त्यानं नाव-पत्ता सांगायला नकार दिला पाहिजे किंवा सांगितलेला खोटा वाटायला पाहिजे. म्हणजे गावातला ओळखीचा ढिवर दिसला की कॉलर धरून गाडीत टाकायचा, हे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या गोऱ्या साहेबालाही मंजूर नव्हतं.

१९५१ ला मालगुजारी गेली अन् तलाव सरकारजमा झाले. इथून खरा गुंता. एक मालक गेला अन् सहा आले. जमीन महसूलची, पाणी पाटबंधाऱ्याचं, जिल्हा परिषदा झाल्यावर लहान तलाव त्यांच्याकडे, मासोळ्या मत्स्य खात्याच्या, तलाव जंगलात असला तर काठ वनखात्याचा, अन् कोणी बुडालं की ठाणेदार. प्रत्येकाचा नियम वेगळा, वही वेगळी, शिक्का वेगळा. ढिवरांच्या सोसायट्या झाल्या, ठेका सोसायटीला मिळू लागला, कतला-रोहू-मृगळचं बीज सोडणं सुरू झालं, अन् मरळ-शिंगीसारखी घरची मासोळी मागं पडत गेली. ठेक्याची धोरणं त्यानंतर कितीदा तरी बदलली, कधी रक्कम वाढली, कधी माफ झाली, कधी मोठे जलाशय बाहेरच्या ठेकेदाराला मोकळे झाले. तो हिशोब इथं मांडत बसलो तर रात्र होईल.

आता ज्या निर्णयावर आमच्याकडे अजून भांडण होतं त्याकडे येतो, तोतलाडोह.

पेंच नदीवर रामटेक तालुक्यात हे धरण झालं अन् ऐंशीच्या दशकात मागं पाणी भरलं. जास्त पाणी मध्य प्रदेशात, कमी महाराष्ट्रात, अन् दोन्हीकडे राष्ट्रीय उद्यान, आपल्या बाजूचं १९७५ चं अन् तिकडचं १९८३ चं. म्हणजे आधी जंगल राखीव झालं अन् मग त्याच्या मधोमध मासोळ्यांनी भरलेला जलाशय येऊन बसला. धरणाच्या कामावर आलेले मजूर काम संपल्यावर तिथंच राहिले, काय खातील, मासेच धरतील. वस्ती वाढली, व्यापारी आले, बर्फाच्या गाड्या आल्या. दुसऱ्या बाजूला उद्यानाच्या हद्दीतून बाहेर काढलेले आदिवासी, त्यांचंही पोट त्याच पाण्यावर. मध्य प्रदेशच्या वनखात्यानं अशा ३०५ कुटुंबांना मासेमारीचे परवाने दिले अन् वन्यजीववाले त्याविरुद्ध थेट दिल्लीच्या सुप्रीम कोर्टात गेले.

मार्च १९९७ मध्ये निकाल लागला. कोर्टानं परवाने रद्द केले नाहीत. जंगल वाचलंच पाहिजे, पण तिथं राहत आलेल्या माणसाचं पोटही बघावं लागेल, असा त्याचा सूर होता. पण अटी घातल्या. प्रत्येक परवानाधारकाला फोटोचं ओळखपत्र, त्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, काठावर चूल पेटवायची नाही, प्लास्टिक टाकायचं नाही, बाकीच्या जंगलात शिरायचं नाही, अन् खात्यानं लक्ष ठेवायचं.

यावर आमच्याकडे दोन तट आहेत ते आजपर्यंत. एक म्हणतो की ३०५ च्या नावावर हजारांना दार उघडून दिलं, वाघाच्या घरात बाजार भरवला. दुसरा म्हणतो की परवाने तिकडच्यांना अन् इकडचा माणूस चोर, पाणी तर एकच, मधात काही कुंपण आहे का? मला दुसऱ्याचं म्हणणं जास्त पटतं, पण पूर्ण नाही, कारण इकडं मासे धरणाऱ्यांत बाहेरच्या व्यापाऱ्याच्या पैशावर चालणाऱ्या टोळ्याही होत्या, अन् वनखात्याच्या माणसांवर हल्ले झालेत हेही खरं आहे. रात्री एक नाकेदार अन् दोन चौकीदार काठीवर निघायचे अन् समोर वीस जण. त्याच्या जागी उभं राहून बघितलं की कोणताही नियम सोपा वाटत नाही.

पण त्या निकालात काय राहून गेलं ते सांगतो, कारण पुढची पंचवीस वर्षं त्याच भोकातून वाहून गेली. मासेमारानं काय करायचं नाही याची यादी आहे. धरणाऱ्यानं कसं धरायचं याची नाही. जाळं जप्त केलं तर पावती द्यायची का, डोंगा कुठं ठेवायचा, ओल्या मासोळ्यांचं काय करायचं, ओळखपत्र घरी राहिलं तर तो गुन्हेगार की विसरभोळा, यातलं काहीच नाही. लक्ष ठेवा म्हटलं, अन् लक्ष ठेवणाऱ्यानं आपापल्या स्वभावाप्रमाणं ठेवलं. कोणी समज देऊन सोडलं, कोणी जाळं पेटवलं.

आपल्या बाजूनं तर तेही नव्हतं, सरळ बंदी. १९९९ मध्ये इकडचं पेंच व्याघ्र प्रकल्प झालं अन् २००२ मध्ये तोतलाडोहची वस्तीच उठवली. तेव्हापासून तिथं मासे धरणं हा मासेमारीच्या नियमाचा नाही, वन्यजीव कायद्याचा गुन्हा, अन् फरक इथं पडतो. १९७२ च्या त्या कायद्यात परवानगीशिवाय आत पाय टाकणं हाच गुन्हा आहे, मासा हाती असो नसो. अन् गुन्ह्यात वापरलेलं वाहन, नाव, जाळं सरकारचं होण्याची तरतूद त्यात आहे. म्हणून डोंगा एकदा गेला की परत येत नाही, रेंज ऑफिसच्या मागं उन्हात तडकत पडतो. खरं तर नुसत्या जप्तीनं मालकी सरकारकडे जात नाही, त्यासाठी आधी गुन्हा शाबित व्हावा लागतो, असं जानेवारी २००८ मध्ये सुप्रीम कोर्टानंच मध्य प्रदेशातल्या एका गाडीच्या प्रकरणात सांगून टाकलंय, खटला चालू असताना वस्तू जामिनावर सोडवता येते. पण चारचाकीवाला वकील लावतो. डोंगेवाला दुसरा डोंगा करायला लाकूड शोधतो.

तोतलाडोहची ही पद्धत मग बाहेरच्या साध्या तलावांवरही उतरली, जिथं वाघ नाही अन् उद्यान नाही. पहाटे काठावर गाडी येते, त्यात कधी ठेकेदाराची माणसं, कधी खात्याची, कधी दोन्ही, अंधारात कोण कोण आहे ते कळत नाही. जाळं ओढून घेतात, मासोळ्या डालग्यासकट उचलतात. भंडाऱ्याकडच्या एका तलावावर एका म्हाताऱ्या ढिवरानं विचारलेलं ऐकलंय, "जाळं न्या साहेब, पन पावती देता का जी?" पावती नव्हती. पंचनामा झालाच तर दोन्ही पंच गाडीतूनच आलेले. अन् मासोळ्या? मासोळी म्हणजे काही सागवानाचा लठ्ठा नाही की डेपोत वर्षभर पडून राहील, दुपारपर्यंत ती विकली जाते नाहीतर सडते, म्हणून तिचा लिलाव तिथंच, सोसायटीच्या माणसांसमोर व्हायला पाहिजे अन् रक्कम लिहिली गेली पाहिजे. किनाऱ्यावर कागदावर तरी हे आहे. आपल्याकडे जप्त मासोळी कोणाच्या घरी शिजली हे गावात सगळ्यांना माहीत असतं अन् फाईलमध्ये कुठंच नसतं.

याच्या उलटही बघा. युरिया-फवारणीचं औषध टाकून, करंट लावून, जिलेटिन फोडून तलाव एका रात्रीत पांढरा करणारे कमी धरले जातात, कारण ते रात्री येतात, तासाभरात निघून जातात अन् बहुतेक गावातल्या कोणातरी वजनदार माणसाची पोरं असतात. मच्छरदाणीच्या बारीक जाळ्यानं बोटभर पिल्लं ओढणारा, पहिल्या पावसात चढणीच्या मासोळ्या नाल्याच्या तोंडावर अडवणारा, यांच्यावर कारवाई झालीच पाहिजे, सोसायट्याही तेच म्हणतात. पण सापडतो कोण, तर रोज त्याच वेळी त्याच घाटावर येणारा.

२००६ चा वनहक्क कायदा आल्यावर आणखी एक हात वाढला, पण हा बरा हात. त्यात पाण्यातले मासे हा सामूहिक हक्क म्हणून स्पष्ट लिहिलाय. गडचिरोलीत २००९ पासून ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळत गेले अन् तिथं प्रश्न उलटा झाला, आता तलावात कोणी उतरायचं हे ग्रामसभा ठरवू शकते. नाकेदाराला अन् ठेकेदाराला दोघांनाही हे अजून पचलेलं नाही.

बोटींचं म्हणाल तर मासेमारीपेक्षा उशिरा, अन् प्रत्येक वेळी माणसं मेल्यावरच लक्ष गेलं. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळ वेणा जलाशयात पोरं फेसबुक लाईव्ह करता करता बुडाली. १४ सप्टेंबर २०२१ ला वरुड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून अकरा जण गेले, दशक्रियेला आलेलं कुटुंब. २३ जानेवारी २०२४ ला गडचिरोलीत गणपूरजवळ वैनगंगेत डोंगा उलटला, मिरची तोडायला पल्याड निघालेल्या सहा बाया गेल्या. दर वेळी नंतर काय होतं, तर नावा बंद. चार दिवस घाटावर पोलीस उभे, पाचव्या दिवशी बाया परत त्याच घाटावर, कारण मजुरी पल्याड आहे अन् पुलानं जायचा फेरा परवडत नाही. तिकडे रामटेकच्या खिंडसीला पर्यटकांना लाईफ जॅकेट घालून फिरवतात. मजूर बाईच्या डोंग्यात ते जॅकेट कोण ठेवणार, नावाड्यानं, ठेकेदारानं की पंचायतीनं, हे कोणी ठरवलेलं नाही.

१९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा आला. इंजिनवाल्या बोटीला तपासणी, नोंदणी, विमा, सुरक्षेचं सामान, अन् वल्ह्याच्या नावांची नोंद जिल्हा, तालुका किंवा गावपातळीवरच्या स्थानिक संस्थेत. कागदावर ही आपल्या कामाची गोष्ट आहे. डोंग्याला नंबर आला की जप्तीत तो कोणाचा हे लिहावं लागेल, अन् नंबर असलेला डोंगा गायब झाला तर उत्तर द्यावं लागेल. सोसायट्यांची मागणी सध्या इथवर आलीय की नोंद ग्रामपंचायतीत फुकट व्हावी, बंदीचे दिवस अन् जाळ्याचं माप तलावाच्या पाळीवर मराठीत रंगवून लावावं, जप्तीची प्रत जागेवर मिळावी अन् एक पंच सोसायटीचा असावा. खात्यांचं म्हणणं की माणसं नाहीत, गस्तीची बोट नाही, अन् प्रत द्यायला रात्री कार्बन पेपर कुठून आणायचा. बैठकीत यावर चहा झाला, अन् कार्बन पेपरचा खर्च कोणत्या खात्यानं करायचा हे पुढच्या बैठकीवर गेलं.