श्रेष्ठत्वाची मोजपट्टी

हत्तीला काठीने फळ पाडता येत नाही, हे बराच काळ त्याच्या बुद्धीच्या मर्यादेचे लक्षण मानले जात होते. चिंपांझी काठी उचलून उंचावरचे फळ ओढून घेतो. हत्तीपुढे काठ्या ठेवल्या, तरी तो त्यांचा तसा उपयोग करत नाही. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातील कंदुला या सात वर्षांच्या हत्तीनेही प्रयोगात काठ्यांचा तसा उपयोग केला नाही. मात्र आवारात एक मोठा, भक्कम ठोकळा ठेवल्यावर काही दिवसांनी त्याने तो ढकलत फळाखाली नेला, त्यावर पुढचे पाय टेकवले आणि सोंड उंचावून फळ काढून घेतले. पुढे ठोकळा नजरेआड ठेवला, तेव्हा तो शोधून आणला. ठोकळा नसताना ट्रॅक्टरच्या टायरचा उपयोग केला. हे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. काठी न वापरण्याचे संशोधकांनी दिलेले स्पष्टीकरण साधे आहे. सोंड हा हत्तीचा हात असला, तरी तेच त्याचे नाकही आहे. सोंडेत काठी धरली की ज्या अवयवाने तो अन्नाचा वास घेतो आणि त्याचा नेमका ठाव शोधतो, तोच अवयव अडकून पडतो. हात आणि नाक वेगवेगळे असणाऱ्या आपल्याला ही अडचण सुचलीच नव्हती.

आरशाच्या चाचणीचीही कथा अशीच आहे. प्राणी स्वतःला ओळखतो का, हे पाहण्यासाठी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन गॅलप यांनी १९७० मध्ये ही चाचणी मांडली. प्राण्याला स्वतःला दिसणार नाही अशा जागी, बहुधा चेहऱ्यावर, खूण करायची आणि आरशात पाहून तो स्वतःच्या अंगावरील त्या खुणेला स्पर्श करतो का, हे बघायचे. हत्तींवरचा आधीचा प्रयोग अयशस्वी ठरला होता. मात्र त्यातला आरसा हत्तीच्या देहाच्या मानाने फारच लहान होता. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात हत्तीच्या मापाचा आरसा आवारातच उभारण्यात आला, तेव्हा एका हत्तिणीने डोक्यावरील खुणेला पुन्हा पुन्हा सोंड लावली. जो प्राणी मुख्यतः वासावरून जग ओळखतो, त्याची आत्मजाणीव आरशाने कितपत मोजता येईल, हा प्रश्न तरीही उरतोच. माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथेच आहे: परीक्षा माणसाने काढायची, माध्यम माणसाचे असायचे, आणि निकालातून माणसाचे श्रेष्ठत्व सिद्ध झाले असे मानायचे, हा क्रम विज्ञानातही दीर्घकाळ चालत आला.

त्याची मुळे जुनी आहेत. ॲरिस्टॉटलने सजीवांची मांडणी चढत्या क्रमाने केली. मध्ययुगीन युरोपात तिचीच एक लांब शिडी झाली: तळाशी दगडधोंडे, वर वनस्पती, त्यावर प्राणी, त्यावर माणूस आणि त्याच्याही वर देवदूत. सतराव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त याने प्राण्यांना यंत्रांच्या पंक्तीत बसवले. डार्विनने १८३७ मध्ये आपल्या वहीत फांद्या फुटत गेलेल्या झाडाचे छोटे रेखाटन केले, तेव्हा या शिडीचा वैज्ञानिक आधारच निघून गेला. आज जिवंत असलेली प्रत्येक जाती एकाच प्राचीन उगमापासून तितकाच काळ, म्हणजे साडेतीन अब्ज वर्षांहून अधिक काळ, उत्क्रांत होत आली आहे. चिंपांझी हा आपला पूर्वज नाही. सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी ज्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, अशा नातलगांपैकी तो आपला सर्वांत जवळचा एक आहे. माणूस आणि प्राणी यांच्या मनातील फरक प्रकाराचा नसून प्रमाणाचा आहे, असे डार्विनने १८७१ मध्ये लिहिले. पण त्याच वाक्यात त्याने ‘उच्च प्राणी’ असा शब्दप्रयोग केला आहे. शिडी मोडणाऱ्यालाही तिची भाषा पुरती सोडता आली नाही, यावरून ती मनात किती खोल रुतलेली असते ते कळते.

१९६० मध्ये चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडाल यांना टांझानियातील गोम्बे येथे एक चिंपांझी गवताची काडी वारुळात घालून तिला चिकटलेली वाळवी खाताना दिसला. इतर चिंपांझी डहाळीची पाने काढून तिला कामाजोगा आकार देतानाही दिसले. तोवर अवजारे बनवणे हे माणसाचे खास लक्षण मानले जाई. त्यांचे मार्गदर्शक लुई लीकी यांनी यावर कळवले, की आता अवजाराची व्याख्या तरी बदलली पाहिजे, माणसाची तरी, नाहीतर चिंपांझींना माणूस मानले पाहिजे. बहुतेक वेळा घडले ते असे, की व्याख्येची रेघ थोडी पुढे सरकली आणि तिच्या आत माणूस एकटाच उरला.

माणूस वेगळा नाही, असे मला म्हणायचे नाही. भाषा, लिपी आणि पिढ्यान्पिढ्या साठत गेलेले ज्ञान यांना दुसऱ्या कोणत्याही जातीत तोड नाही. पण वेगळेपण हे वर्णन आहे आणि श्रेष्ठत्व हा निवाडा आहे. पहिल्यातून दुसरा आपोआप निघत नाही.

या निवाड्याचे परिणाम मोजता येतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार पृथ्वीवरील सर्व सजीवांच्या देहांत मिळून सुमारे ५५० अब्ज टन कार्बन आहे आणि त्यात सर्व माणसांचा वाटा सुमारे ०.०१ टक्का आहे. सस्तन प्राण्यांपुरते पाहिले, तर साधारण ६० टक्के वजन पाळीव गुराढोरांचे, ३६ टक्के माणसांचे आणि उरलेले ४ टक्के देवमाशांपासून उंदरांपर्यंत सर्व रानटी सस्तन प्राण्यांचे आहे. जैवविविधतेविषयीच्या आंतरशासकीय मंचाने २०१९ मध्ये सुमारे १० लाख जाती नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचा अंदाज मांडला.

शिडीची कल्पना आपल्या काळजीलाही वळण लावते. मोठे डोळे, मऊ लव, आपल्यासारखा चेहरा असलेल्या प्राण्यांविषयी आपले मन चटकन द्रवते. समुद्रात प्रोक्लोरोकोकस नावाचा जीवाणू आहे. त्याचा व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो आणि प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या ज्ञात जीवांत तो सर्वांत लहान व संख्येने सर्वाधिक आहे. त्याच्यासारखे सूक्ष्म तरंगते जीव मिळून पृथ्वीवरील जवळजवळ निम्मे प्रकाशसंश्लेषण करतात, तरी या जीवाणूची ओळख पटायला १९८० चे दशक उजाडावे लागले.

आपल्याला सर्व कळते या खात्रीने निसर्गात हात घातला की काय होते, याचा धडा चीनमध्ये १९५८ साली सुरू झालेल्या मोहिमेतून मिळतो. उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या हे चार उपद्रवी जीव ठरवण्यात आले. चिमण्यांना कुठेही टेकता येऊ नये म्हणून लोक थाळ्या आणि ढोल बडवत राहिले आणि दमलेले पक्षी आकाशातून पडून मेले. चिमणी दाणे खाते, एवढेच पाहिले गेले; ती पिलांना किडे भरवते, हे विसरले गेले. पक्षिशास्त्रज्ञांनी चिमण्यांच्या पोटातील अन्न तपासून तिची ही बाजू मांडली, आणि १९६० मध्ये यादीतून चिमणी वगळून तिच्या जागी ढेकूण घालण्यात आला. त्या वर्षांतील भीषण उपासमारीची मुख्य कारणे राजकीय धोरणांत होती. पण भक्षक नाहीसा झाल्याने वाढलेल्या किडींनीही पिकांचे नुकसान केले.

‘पृथ्वी वाचवा’ या घोषणेतही मला थोडी मालकी ऐकू येते. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशात सागरी जातींपैकी बहुसंख्य जाती संपल्या, तरी सुमारे साडेचार अब्ज वर्षे वयाचा हा ग्रह टिकला. आज धोका आहे तो आपल्यासोबत जगणाऱ्या जातींना आणि त्यांच्यावर विसंबून असलेल्या आपल्याला. त्यामुळे काळजी म्हणजे पुष्कळदा काही करण्यापेक्षा काही न करणे असते. १९७१ मध्ये रॉजर पेन आणि स्कॉट मक्वे या संशोधकांनी हंपबॅक देवमाशांच्या आवाजांत ठरावीक क्रमाने पुन्हा येणाऱ्या रचना असतात, म्हणजे ते गातात, असे दाखवून दिले. ही गाणी लोकांनी ऐकली आणि देवमाशाकडे केवळ तेलाचा साठा म्हणून पाहणे अवघड झाले. हंपबॅकच्या शिकारीवर १९६० च्या दशकातच बंदी आली होती. १९८६ पासून सर्व मोठ्या देवमाशांच्या व्यावसायिक शिकारीला आंतरराष्ट्रीय स्थगिती मिळाली. दक्षिण अटलांटिकच्या पश्चिम भागातील हंपबॅक एके काळी अवघे ४५० च्या आसपास उरले होते. २०१९ मधील अंदाजानुसार ते सुमारे २५,००० झाले आहेत. त्यांना कोणी पाळले नाही, त्यांची पैदास कोणी केली नाही. मारणे थांबले.

उत्तर अटलांटिकमधील राइट देवमाशांना तेवढे पुरले नाही. ते ४०० हून कमी उरले आहेत आणि आता त्यांना कोणी मारत नसले, तरी ते जहाजांच्या धडकेने आणि मासेमारीच्या दोरांत अडकून मरतात. म्हणून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील ठरावीक पट्ट्यांत, ठरावीक हंगामात, ६५ फूट किंवा त्याहून लांब जहाजांना १० नॉट्सहून, म्हणजे ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटरहून, अधिक वेगाने जाण्यास २००८ पासून मनाई आहे.